घरासाठी बंदूक घेण्यापूर्वी : स्वसंरक्षणाचा कायदा आणि शस्त्र परवान्याची वाट

वाडीवस्तीवर, रस्त्यापासून आत असलेल्या शेतघरात किंवा गावाच्या कडेला नव्याने बांधलेल्या बंगल्यात राहणाऱ्या माणसाच्या कानावर आसपासच्या घरफोडीची बातमी आली, की बंदुकीचा परवाना काढावा असे त्याच्या मनात येऊ लागते. ही भीती खोटी म्हणता येत नाही. पोलीस ठाणे लांब असते, घरात वयस्कर आईवडील असतात, मुले नोकरीसाठी मुंबई-पुण्यात असतात, आणि पावसाळ्यात वीज गेली की शेजारच्या घरापर्यंत हाकही पोहोचत नाही. तालुक्याच्या न्यायालयात वकिली करताना अशी माणसे माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात. अर्ज कुठे करायचा आणि किती दिवस लागतात, हे त्यांचे पहिले प्रश्न असतात. चोर खरोखरच घरात शिरला तर कायद्याने आपल्याला नेमके काय करता येते, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. हा क्रम उलटा असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. स्वतःचे आणि घराचे रक्षण करण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. हातात काठी असो, विळा असो की बारा बोअरची बंदूक, तो अधिकार तेवढाच राहतो. परवाना मिळाल्याने तो तसूभरही वाढत नाही. म्हणून या लेखात आधी अधिकाराचा आणि मग परवान्याचा विचार केला आहे.

पहिली पायरी : अधिकाराची हद्द समजून घ्या

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या संहितेतील कलम ९६ ते १०६ मधील स्वसंरक्षणाच्या तरतुदी नव्या संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आल्या आहेत आणि त्यांचा गाभा तोच आहे. कलम ३४ सांगते, की स्वसंरक्षणाचा अधिकार बजावताना केलेली कृती गुन्हा ठरत नाही. कलम ३५ नुसार हा अधिकार आपल्या तसेच दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणासाठी आहे. त्याचबरोबर चोरी, जबरी चोरी, आगळीक (म्हणजे मालमत्तेची नासधूस) आणि फौजदारीपात्र अतिक्रमण यांपासून मालमत्तेच्या रक्षणासाठीही आहे. शेजाऱ्याच्या घरावर हल्ला होत असताना धावून जाणाऱ्याला कायद्याचे तेवढेच संरक्षण आहे, ही गोष्ट गावात राहणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी.

त्यापुढचे कलम ३७ मी प्रत्येकाला दोनदा वाचायला सांगतो, कारण बहुतेक खटले याच कलमावर अडतात. पोलिसांची किंवा शासकीय यंत्रणेची मदत घेण्यास वेळ असेल तर हा अधिकार मिळत नाही, आणि बचावासाठी आवश्यक असेल त्यापेक्षा अधिक इजा करण्याची मुभा कोणत्याही परिस्थितीत नाही. लोकसेवक आपल्या पदाच्या अधिकारात सद्भावनेने काही करत असेल, तर मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती नसताना त्याला प्रतिकार करता येत नाही. मध्यरात्री दारावर थाप पडून ‘पोलीस’ असा आवाज आला, तर दार न उघडता ओळख विचारावी आणि ११२ वर फोन करून खात्री करून घ्यावी. हत्यार उचलण्याची ती वेळ नव्हे.

आता मुख्य प्रश्न : समोरच्याचा जीव जाईल इतके बळ केव्हा वापरता येते? शरीराच्या बाबतीत कलम ३८ ने प्रसंग मोजून दिले आहेत. मृत्यूची वाजवी भीती, जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्काराच्या किंवा अनैसर्गिक लैंगिक अत्याचाराच्या हेतूने हल्ला, अपहरणाच्या हेतूने हल्ला, शासकीय मदत मिळण्याचा मार्ग बंद होईल अशा रीतीने डांबून ठेवण्याच्या हेतूने हल्ला, आणि अ‍ॅसिड फेकणे किंवा फेकण्याचा प्रयत्न करणे, असे हे प्रसंग आहेत. मालमत्तेच्या बाबतीत कलम ४१ मध्ये चार प्रसंग येतात : जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, माणसे राहतात किंवा मालमत्ता ठेवली जाते अशा इमारतीला, तंबूला किंवा जहाजाला आगीने वा स्फोटकाने पोहोचवलेले नुकसान, आणि ज्या चोरीत, आगळिकीत किंवा गृह-अतिक्रमणात प्रतिकार केला नाही तर मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती वाटते तो प्रसंग. या यादीबाहेरच्या प्रसंगांत प्रतिकार करता येतो, पण जीव घेण्यापर्यंत जाता येत नाही. दिवसाढवळ्या पडवीतून सायकल किंवा पाण्याचा पंप उचलून नेणाऱ्यावर गोळी झाडणे या कायद्यात कुठेही बसत नाही.

घरफोडी म्हणजे कुलूप तोडणे एवढाच अर्थ लोक घेतात. संहितेच्या कलम ३३० मध्ये त्याची व्याप्ती बरीच मोठी आहे. भिंत फोडून, कौले उचलून, भिंत चढून वरच्या खिडकीतून, कुलूप काढून, आतून लावलेली कडी सरकवून किंवा दारातल्या माणसाला मारहाण करून आत शिरणे, हे सगळे घरफोडीत येते.

एक प्रसंग जवळून पाहू. रात्री दोनच्या सुमारास स्वयंपाकघराच्या खिडकीचा गज कापल्याचा आवाज येतो. घरमालक उठून माजघरात येतो, तोवर एक माणूस आत उतरलेला आहे आणि त्याच्या हातात कटावणी आहे. ही रात्रीची घरफोडी आहे आणि कलम ४३ नुसार त्या घरफोडीतून सुरू झालेले गृह-अतिक्रमण चालू असेपर्यंत घरमालकाचा अधिकारही चालू आहे. तो माणूस कटावणी उगारून अंगावर आला, तर शरीररक्षणाचा अधिकारही जोडीला येतो. आता समजा, दिवा लागताच त्या माणसाने पितळी भांड्यांची पिशवी जागीच टाकली, खिडकीतून बाहेर उडी मारली आणि तो कुंपणाकडे पळत सुटला. गृह-अतिक्रमण संपले, माल घरातच राहिला, आणि अंगावर येणारे कोणी उरले नाही. त्या क्षणी ओट्यावरून झाडलेली गोळी बचाव राहत नाही. शवविच्छेदनात छर्रे पाठीत घुसलेले दिसतात. बारा बोअरचे छर्रे अंतरागणिक पसरत जात असल्याने गोळी साधारण किती लांबून सुटली, याचा अंदाज न्यायवैद्यक तज्ज्ञ देऊ शकतात. आणि जो माणूस पाच सेकंदांपूर्वी कायद्याच्या संरक्षणात होता तो आरोपी होतो. तो पळताना माल घेऊन गेला असता तर पाठलाग करून, झटापट करून माल परत मिळवण्याचा अधिकार राहिला असता, पण केवळ चोरीसाठी जीव घेण्याचा अधिकार तेव्हाही नसता.

धोका टळताच अधिकार संपतो, हे सर्वोच्च न्यायालयाने जयदेव विरुद्ध पंजाब राज्य या १९६३ च्या निकालात पळणाऱ्यांवर झाडलेल्या गोळ्यांच्या संदर्भातच सांगितले आहे. दुसऱ्या बाजूला हेही खरे, की न्यायालये घाबरलेल्या माणसाकडून सोनाराच्या तराजूतले मोजमाप मागत नाहीत. हल्ला अंगावर येत असताना किती जोर पुरेल याचा काटेकोर हिशेब कोणीच करू शकत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत घेतली आहे, आणि दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात या विषयावरील तत्त्वे एकत्र मांडली आहेत. भीती वाजवी हवी. प्रत्यक्ष वार होईपर्यंत थांबण्याची सक्ती नाही. पळून जाण्याचा मार्ग असूनही तो घेतला नाही, एवढ्यावरून माणूस दोषी ठरत नाही. मात्र सूड उगवण्यासाठी हा अधिकार वापरता येत नाही.

अधिकाराची मर्यादा सद्भावनेने, पूर्वनियोजनाशिवाय ओलांडली गेली आणि मृत्यू झाला, तर कलम १०१ च्या अपवादानुसार तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. शिक्षा कमी होते, पण कारावास टळेलच असे नाही.

जे करूच नये

घराभोवती किंवा शेताभोवती विजेचा प्रवाह सोडलेली तार लावणे हा प्रकार आपल्याकडे वारंवार घडतो; बहुतेकदा रानडुकरांसाठी, कधी चोरांसाठी. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात घराच्या शौचालयाभोवती लावलेल्या उघड्या जिवंत तारेने एका बाईचा मृत्यू झाला होता. ती बाई परवानगीशिवाय आली होती, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा कायम ठेवली. तार माणूस ओळखत नाही. चोर, वाट चुकलेला पोर आणि पहाटे पाणी धरायला आलेला स्वतःचा भाऊ तिच्यासाठी सारखेच असतात. चापाला दोरी बांधून दारावर रोखून ठेवलेली बंदूक याच प्रकारात मोडते.

दुसरी गोष्ट जमावाची. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून पाच जणांना ठार मारण्यात आले, आणि एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांच्या चालकाचा जमावाने बळी घेतला. अफवांच्या दिवसांत गावोगावी रात्रीची गस्त सुरू होते आणि परवानाधारकाला ‘तू बंदूक घेऊन पुढे हो’ असा आग्रह होतो. त्या आग्रहाला बळी पडू नये. घराच्या रक्षणासाठी दिलेला परवाना गस्तीचा परवाना होत नाही. संशयित माणूस समोर गंभीर (दखलपात्र आणि अजामीनपात्र) गुन्हा करताना सापडलाच, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार खासगी व्यक्तीलाही त्याला पकडता येते, पण विनाविलंब आणि जास्तीत जास्त सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते. त्याला मारहाण करण्याचा अधिकार कोणालाच नाही.

भाऊबंदकी, बांधाचा वाद आणि घर न सोडणारा भाडेकरू यांसाठीही हत्याराचा विचार मनात आणू नये. ज्याचा ताबा स्थिर झाला आहे त्याला बळाने बाहेर काढता येत नाही, हे पूरन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९७५ च्या निकालापासून स्पष्ट आहे. तिथे दिवाणी न्यायालय हाच मार्ग आहे.

दुसरी पायरी : बंदूक खरोखर हवी आहे का, हे ठरवा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडून किंवा तिथल्या चित्रफितींतून लोकांना वाटते, की बंदूक बाळगणे हा नागरिकाचा हक्क आहे. तिथल्या राज्यघटनेत तसा हक्क आहे. भारतात नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बेकायदा शस्त्रांच्या प्रकरणात हा फरक स्पष्ट शब्दांत सांगितला आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र किंवा काडतूस जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला साधारणपणे किमान दोन वर्षे आणि कमाल पाच वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे, आणि प्रतिबंधित शस्त्रांसाठी ती सात वर्षांपासून सुरू होते. कुणी ‘गावठी कट्टा स्वस्तात आणून देतो’ म्हणाला तर त्याचा अर्थ एवढाच, की घरात चोर येण्याआधी पोलीस येतील.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मी सहसा परवान्याचा सल्ला देत नाही. भिंतीपलीकडे शेजारी झोपलेले असतात, जिन्यात कोणीही असू शकते, आणि गोळी दारापाशी थांबत नाही. जीवघेणा हल्ला परतवताना निरपराध माणसाला इजा होण्याचा धोका पत्करावाच लागला, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ४४ त्या असाहाय्य परिस्थितीत संरक्षण देते. पण ते कलम अगदी अपरिहार्य प्रसंगासाठी आहे, रोजच्या सोयीसाठी नाही. सुट्या घरात राहणाऱ्यांनीही आधी मागच्या दाराला आतून मजबूत अडसर, खिडक्यांना पक्के गज, अंगणात हालचालीवर लागणारा दिवा, एक भुंकणारा कुत्रा आणि शेजाऱ्यांशी ठरवलेला फोन एवढी व्यवस्था करावी. बंदूक कपाटातून काढून भरेपर्यंत जी दोन मिनिटे लागतात, ती हीच व्यवस्था मिळवून देते.

परवान्याशिवाय काय ठेवता येते, हेही माहीत असावे. शेतीचा कोयता, कुऱ्हाड, विळा ही शेतीची आणि घरची अवजारे आहेत. तलवार, गुप्ती किंवा जंबिया ही नाहीत. अवजार असले तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील मनाई आदेश जिल्ह्यात लागू असताना ते हत्यार म्हणून सार्वजनिक ठिकाणी मिरवता येत नाही. २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या आणि .१७७ इंचापर्यंत नळीच्या एअरगनला परवाना लागत नाही. त्यापेक्षा जास्त ताकदीच्या एअरगनला लागतो.

तिसरी पायरी : शस्त्राचा प्रकार आणि अर्ज

नवख्या अर्जदाराची सर्वात मोठी चूक म्हणजे थेट रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल मागणे. कायदा आखूड शस्त्रांकडे वेगळ्या नजरेने पाहतो. शस्त्र नियम २०१६ नुसार निर्बंधित वर्गातील शस्त्रासाठी जिवाला गंभीर आणि संभाव्य धोका दाखवावा लागतो, तर साध्या परवानापात्र शस्त्रासाठी व्यवसाय, काम किंवा अन्य कारणाने जीविताच्या अथवा मालमत्तेच्या रक्षणाची खरी गरज पुरते. शस्त्र अधिनियमाचे कलम १३ तर घररक्षणासाठी मागितलेल्या साध्या नळीच्या बंदुकीला स्पष्ट झुकते माप देते : नळीची लांबी किमान २० इंच असेल आणि शस्त्र संरक्षणासाठी किंवा खेळासाठी असेल, तर अन्य अडचण नसल्यास परवाना द्यावा, अशी तिथे भाषा आहे. आपली एकनळी किंवा दुनळी बारा बोअर याच वर्गात बसते. खऱ्या पीकसंरक्षणासाठी मागितलेली ठासणीची बंदूकही त्याच कलमात आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात वानर, माकडे आणि रानडुकरांपासून शेती-बागायत राखण्यासाठी काढलेले असे परवाने घरोघर सापडतात. शेतीसंरक्षणाचा परवाना असला तरी वन्यप्राणी मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. स्वतःवर किंवा दुसऱ्यावर हल्ला करणाऱ्या प्राण्यापासून सद्भावनेने केलेला बचाव तेवढा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ११ मध्ये गुन्ह्याबाहेर ठेवला आहे.

पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात, म्हणजे मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर यांसारख्या ठिकाणी, अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो. इतरत्र तो जिल्हादंडाधिकारी या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, आणि गोव्यातही त्या त्या जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण हवे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला शिक्षा संपल्यापासून पाच वर्षे शस्त्र बाळगता येत नाही, आणि शांतता राखण्यासाठी ज्याच्याकडून बंधपत्र लिहून घेतले आहे त्याला त्या मुदतीत बाळगता येत नाही.

अर्ज ए-१ या नमुन्यात असतो. ओळख, वय आणि निवासाचे पुरावे, छायाचित्रे, शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी ही कागदपत्रे त्याला जोडावी लागतात. प्रशिक्षणाकडे नुसता कागद म्हणून पाहू नका. बंदूक मोडून (म्हणजे बिजागरीपाशी नळी खाली वाकवून) ती रिकामी आहे ना हे डोळ्यांनी आणि अंधारात बोटाने पाहणे, नळी कायम सुरक्षित दिशेला ठेवणे, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवणे, या सवयी हाताला लागायला वेळ लागतो आणि त्या शिकवणारा माणूस समोर असावा लागतो.

अर्जाचे खरे वजन कारणांच्या परिच्छेदात असते. ‘परिसरात चोऱ्या होतात’ या एका वाक्यावर अर्ज टिकत नाही. घर वस्तीपासून किती लांब आहे, पोलीस ठाणे किती किलोमीटरवर आहे, घरात कोण राहते, व्यवसायामुळे रोकड किंवा माल घरात ठेवावा लागतो का, पूर्वी स्वतःच्या घरी किंवा आसपास काय घडले आणि त्याची फिर्याद कोणत्या तारखेला दिली, हे सगळे तपशीलवार लिहा. फिर्यादीची प्रत जोडा. घडले ते लिहा. फुगवून लिहिलेला धोका पोलीस चौकशीत उघडा पडतो आणि त्यापुढे खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

यानंतर अर्ज स्थानिक पोलीस ठाण्याकडे अहवालासाठी जातो. पोलीस तुमच्या नावावरच्या गुन्ह्यांच्या नोंदी पाहतात, शेजाऱ्यांशी बोलतात, आणि गावात पोलीस पाटलांचे मत विचारले जाते. शेजाऱ्याशी चालू असलेला वाद लपवू नये. नियमांनुसार हा अहवाल ३० दिवसांत आणि त्यानंतरचा निर्णय ६० दिवसांत व्हायला हवा. प्रत्यक्षात फाइल रेंगाळते, म्हणून अर्जाची पोच जपून ठेवा आणि मुदत उलटली की त्या नियमांचा उल्लेख करून लेखी स्मरणपत्र द्या. अर्ज नाकारला तर लेखी कारणे मागा. केवळ अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येत नाही, असे शस्त्र अधिनियमाचे कलम १४ सांगते. लहान शेतकऱ्याने हे जरूर लक्षात ठेवावे. नकाराविरुद्ध कलम १८ खाली अपील करता येते, आणि त्यासाठी आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांचीच मुदत असल्याने ते आठवडाभरात तयार करायला घ्यावे.

चौथी पायरी : परवाना आल्यानंतर

परवान्यावर विशिष्ट ओळख क्रमांक असतो, शस्त्राचा प्रकार, काडतुसांची मर्यादा आणि परवाना ज्या भागात चालतो ते क्षेत्र लिहिलेले असते. परवाना हातात आल्यावर तो घरी बसून ओळीओळीने वाचा, कारण त्यातील अट मोडणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे. शस्त्र आणि काडतुसे परवानाधारक विक्रेत्याकडूनच, पावतीसह घ्या. आणलेले शस्त्र तपासून घेऊन त्याचा क्रमांक परवान्यावर नोंदवून घ्या. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे बाळगता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षे असते. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या निदान दोन महिने आधी द्या. मुदत संपलेल्या परवान्यावर घरात पडून असलेली बंदूक कायद्याच्या नजरेत विनापरवाना असते.

घरात शस्त्र कुठे ठेवायचे, याबद्दल मी आग्रही आहे. जुन्या घरांत माजघराच्या भिंतीला खुंट्या असत आणि त्यांवर बंदूक आडवी टांगलेली असे, शेजारी काडतुसांचा पट्टा. पाहुण्यांच्या मुलांची नजर सर्वात आधी तिथे जाई. आज नियमांप्रमाणे शस्त्र तिजोरीत किंवा कुलूपबंद पोलादी कपाटात ठेवण्याची हमी तुम्ही स्वतः लिहून दिलेली असते. बंदूक रिकामी, मोडून, कापडी पिशवीत एका कपाटात ठेवा. काडतुसे दुसऱ्या कुलुपात ठेवा. दोन्ही किल्ल्या परवानाधारकाकडेच असू द्या. परवाना एका व्यक्तीच्या नावावर असतो. मुलाने, पुतण्याने किंवा गड्याने ती बंदूक खांद्याला लावून शेतात जाणे हा त्याचाही गुन्हा आणि तुमचाही. घरात कोणी दारूच्या आहारी गेलेले असेल, कोणाच्या मनात आत्महत्येचे विचार येत असतील किंवा नवरा-बायकोत सतत भांडणे होत असतील, तर परवाना असूनही शस्त्र काही काळ पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करावे. यात कमीपणा काही नाही, आणि परवाना त्यामुळे जात नाही.

लग्नात, वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत किंवा शिमग्यात बार काढू नका. २०१९ पासून बेदरकारपणे किंवा आनंदाच्या भरात इतरांच्या जिवाला धोका होईल असा गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चोराला भिववण्यासाठी हवेत गोळी झाडायला हरकत नाही, असा समज सर्वत्र आहे. तशी सूट देणारी तरतूद कायद्यात कुठेही नाही आणि वर गेलेला छर्रा कुठेतरी खाली येतोच.

निवडणुका जाहीर झाल्या की शस्त्रे जमा करण्याच्या नोटिसा निघतात. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार कोणाचे शस्त्र जमा करायचे, हे छाननी समितीने प्रत्येक प्रकरण पाहून ठरवायचे असते. एकाकी घरात राहणाऱ्याने किंवा पीक उभे असलेल्या शेतकऱ्याने आपले कारण लेखी मांडून सूट मागावी. सूट मिळाली नाही तर मात्र मुदतीत शस्त्र जमा करावे, पावती घ्यावी आणि निवडणूक संपल्यावर ते न विसरता परत आणावे.

पाचवी पायरी : प्रसंग घडलाच तर

रात्री आवाज आला की पहिला हात फोनकडे जाऊ द्या. ११२ वर फोन करून नाव, गाव, खूण आणि ‘घरात माणूस शिरला आहे’ एवढे सांगा. या फोनची वेळ नोंदली जाते आणि पुढे न्यायालयात ती तुमची सर्वात भक्कम साक्षीदार ठरते. घरच्यांना एका खोलीत घेऊन आतून कडी लावा. मोठ्याने ओरडून सांगा की पोलिसांना कळवले आहे. दार बंद करून थांबणे शक्य असेल तर थांबा. अंधारात शोधायला जाणारा माणूस कधी कधी रात्री उशिरा परतलेल्या स्वतःच्याच मुलासमोर बंदूक रोखून उभा राहतो.

शस्त्र वापरावेच लागले, तर त्यानंतर ते रिकामे करून सुरक्षित ठेवा आणि पोलिसांना पुन्हा फोन करून रुग्णवाहिका मागा. जखमी माणूस चोर असला तरी त्याच्यावर उपचार होणे तुमच्याही हिताचे आहे. जागेवरची एकही वस्तू हलवू नका. कापलेला गज, तुटलेली कडी, पडलेली कटावणी, सांडलेली भांडी आणि रिकामे काडतूस यांवरच पंचनाम्यात तुमचा बचाव उभा राहणार आहे, आणि शेजाऱ्यांनी आवरासावर केली की तो मोडतो. स्वतःला झालेल्या जखमांची, अगदी खरचटल्याचीही, सरकारी रुग्णालयात नोंद करून घ्या. आरोपीच्या अंगावरील जखमांचे स्पष्टीकरण सरकार पक्षाने दिले नाही तर त्याचा फायदा आरोपीला मिळू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार राज्य या १९७६ च्या निकालात सांगितले आहे.

पोलीस गुन्हा नोंदवतील आणि बहुधा शस्त्र जप्त करतील. मृत्यू झाला असेल तर अटकही होऊ शकते. याने खचून जाऊ नका. घडलेली हकीकत थोडक्यात आणि खरी सांगा, आणि तपशीलवार जबाबाआधी वकिलाशी बोला. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे. स्वसंरक्षण सिद्ध करण्याचा भार भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ नुसार तुमच्यावर असतो, पण तो सरकार पक्षाइतका जड नसतो. तुमची हकीकत अधिक संभवनीय आहे, एवढे दाखवणे पुरते. मुन्शी राम विरुद्ध दिल्ली प्रशासन या १९६८ च्या निकालानुसार आरोपीने हा बचाव स्वतः घेतला नसला तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायालय त्याचा विचार करू शकते. तरीही पहिल्या जबाबात ‘मी घरीच नव्हतो’ असे सांगून नंतर स्वसंरक्षणाचा बचाव घेणाऱ्यांची वाट फार अवघड होते.

वडिलोपार्जित बंदुकीचे काय करायचे

अनेक घरांत परवाना आजोबांच्या नावावर असतो आणि त्यांच्या निधनानंतर बंदूक वर्षानुवर्षे कपाटात राहते. शोकाच्या दिवसांत हे कोणाच्या लक्षात येत नाही, पण परवानाधारकाच्या मृत्यूबरोबर ते शस्त्र बाळगण्याचा कायदेशीर आधार संपलेला असतो. ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. त्यानंतर ज्या वारसाला ते हवे आहे त्याने मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची लेखी संमती जोडून स्वतःच्या नावाने अर्ज करावा. परवानाधारक हयात असतानाही वयाची ७० वर्षे पूर्ण झाल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, शस्त्र नियम २०१६ मधील नियम २५ नुसार वारसाच्या नावे परवाना मागता येतो, आणि शक्य असेल तेव्हा हाच मार्ग घ्यावा. कारण हयात वडील सोबत येऊन सही करतात तेव्हा भावंडांमध्ये वाद उरत नाही. वारसाहक्काने आलेले शस्त्रही दोनच्या मर्यादेत मोजले जाते, त्यामुळे स्वतःची दोन शस्त्रे असलेल्याने तिसरे विकून टाकावे किंवा दुसऱ्या पात्र वारसाच्या नावे करून द्यावे. कोणालाच नको असेल तर ते विक्रेत्यामार्फत विकता येते किंवा शासनाकडे कायमचे जमा करता येते. दोन्ही बाबतींत पावतीची एक प्रत घराच्या कागदपत्रांत ठेवून द्या.